नाही म्हणाला कोण?

अक्काच्या उजव्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत. तर्जनीवर थोड्या आहेत, त्याही मध्येच पुसलेल्या. चाळीस वर्षं विड्या वळल्या की बोटांचं असंच होतं. तेंदूचं ओलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांत फिरवत पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडून बंद करायचं. हे दिवसातून हजार वेळा. सोलापूरच्या पूर्व भागात अशी गुळगुळीत बोटं गल्लोगल्ली दिसतात. आमच्या गल्लीत तेलुगू घरं जास्त, त्यामुळे वयानं मोठी ती अक्का. तिचं खरं नाव मला बरीच वर्षं माहीतही नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात तिच्याबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. आधीच्या महिन्यात तिचा अंगठा लागला नव्हता, म्हणून 'कोणीतरी शिकलेलं' बरोबर हवं होतं. शिकलेल्याचा तिथे काहीच उपयोग झाला नाही. तिनं अंगठा लावला, लाल दिवा. पदराला पुसून लावला, लाल दिवा. दुकानदारानं पाण्याची बाटली पुढे केली, मग रांगेतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून डोक्याचं तेल बोटाला लावून झालं. दहाच्या दहा बोटं फिरली. मागची रांग चुळबुळायला लागली. दुकानदार वाईट माणूस नाही. अक्काच्या मुलाच्या लग्नात तो पंगतीला होता. तो म्हणाला, "अक्का, मी काय करू सांगा. मशीन घेईना झालंय."

अक्कानं पिशवीची घडी घातली आणि विचारलं, "मग नाही म्हणालं कोण? तू म्हणालास?"

"मी कशाला म्हणू?"

"मग कोण?"

दुकानदारानं मशीनकडे पाहिलं, मी दुकानदाराकडे पाहिलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शाळेत आपण सगळ्यांनी 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध लिहिलेला आहे. पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप (इथे अणुबॉम्ब हवाच), आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, ते वापरणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे' असं म्हणून वही मिटायची. वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो तेव्हा आजही हेच ऐकतो. फक्त अणुबॉम्बच्या जागी एआय आलंय. त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शस्त्र कुणाच्या तरी हातात आहे आणि तो हात आपल्याला दिसतो. यापुढे येणाऱ्या यंत्रांचा नैतिक प्रश्न नेमका इथे आहे, की हात सापडत नाही. कर्ज नाकारलं जाईल, विमा नाकारला जाईल, नोकरीचा अर्ज मुलाखतीपर्यंत पोचणार नाही, दवाखान्यात कुणाला आधी घ्यायचं ते ठरेल, आणि विचारायला गेलं की समोरचा माणूस हात वर करून म्हणेल, 'सिस्टीममध्ये दाखवत नाही.'

माझं म्हणणं एवढंच आहे. होकार यंत्रानं खुशाल द्यावा. नकार मात्र माणसानंच द्यावा; नाव सांगून, कारण सांगून, सही करून.

हा फरक कशासाठी? होकार चुकला तर बहुतेक वेळा पैसा जातो, तोही ज्याच्याकडे आहे त्याचा. नकार चुकला तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं ताट जातं. शिवाय चुकीच्या होकाराचा शोध घ्यायला सरकारकडे, बँकेकडे, कंपनीकडे हिशेबनीस बसलेले असतात. चुकीच्या नकाराचा शोध घ्यायला फक्त नाकारला गेलेला माणूस असतो, आणि त्याचा त्या दिवसाचा रोज आधीच बुडालेला असतो.

विडीच्या धंद्याला नकाराची फार जुनी ओळख आहे. दिवसभर वळलेल्या विड्या घेऊन बाई कारखान्याच्या शाखेत जाते. तिथला माणूस जुड्या हातात घेऊन बघतो. काही बारीक निघाल्या, काही सैल निघाल्या की बाजूला काढतो. त्या विड्यांचे पैसे कापले जातात. यावरून भांडणं झाली, मोर्चे निघाले, लाल बावट्याखाली संप झाले. त्यातून १९६६ सालचा विडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला. त्या कायद्यात विड्या नाकारण्यावरून झालेल्या वादाचा निवाडा कुणाकडे मागायचा याची सोय आहे. त्याखालच्या राज्यांच्या नियमांनी तर नकारालाही माप घातलं. साधारणपणे शंभरात पाचांहून जास्त विड्या नाकारायच्या नाहीत. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांमध्ये विरघळला आहे. पण साठ वर्षांपूर्वी या देशाच्या संसदेला हे सुचलं होतं, की कारखानदाराच्या हातातला 'नाही' मोकाट सोडायचा नसतो.

आता २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घ्या. आपली माहिती चुकीची असेल तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे, तक्रार करण्याचा आहे. पण केवळ यंत्रानं घेतलेल्या निर्णयाचं कारण मागण्याचा, तो निर्णय माणसाकडून पुन्हा तपासून घेण्याचा वेगळा हक्क त्यात नाही. युरोपात तो २०१८ पासून आहे, कसाबसा का होईना. म्हणजे आपल्याकडे एक विडी नाकारली गेली तर निवाडा मागायची वाट होती. ती वळणारी बाईच नाकारली गेली तर नाही. या एका वाक्यावर मला वाटतं एखादं पूर्ण अधिवेशन व्हायला हरकत नाही. होणार नाही, ते सोडा.

लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच घरात येतो. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "माणसं काय कमी नालायक होती का?" खरं आहे. अंगठ्याच्या आधीचं रेशन मी पाहिलंय. 'माल संपला' ही पाटी महिन्याच्या चौथ्या तारखेला लागायची आणि रॉकेल मागच्या दारानं जायचं. आता निदान अक्काच्या नावावरचे तांदूळ दुसरं कुणी सहज उचलू शकत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं, ते या मशीनमुळेच. मशीन काढून टाका असं म्हणणारा मी नाही. पण भावाच्या युक्तिवादात एक गल्लत आहे. जुन्या दुकानदाराच्या नालायकीला तोंड होतं. त्याला शिव्या देता येत होत्या, त्याच्याविरुद्ध तहसीलमध्ये अर्ज देता येत होता, त्याचा परवाना जाऊ शकत होता. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि त्यावरून चावीवाल्यानं जेवढ्या शिव्या खाल्ल्यात तेवढ्या कुणी खाल्ल्या नसतील. चूक त्याची नसते, धरणाची नाहीतर महापालिकेची असते. तरी तो समोर उभा असतो, आणि त्याच्या मार्फत आपला राग वरपर्यंत पोचतो. उद्या व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करायला लागले की राग नळातच मुरणार.

यंत्राचा शब्द खरा मानायचा आणि माणसाचा खोटा, असं एकदा ठरलं की काय होतं ते इंग्लंडमधल्या पोस्टमास्तरांना विचारावं. तिथल्या पोस्टात १९९९च्या सुमाराला 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक प्रणाली आली. लहानलहान गावांत किराणा दुकानाबरोबर पोस्ट चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात अचानक तूट दिसायला लागली. मदतीसाठी फोन केला की उत्तर मिळायचं, 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय.' प्रत्येकाला तेच सांगितलं जात होतं. लोकांनी घरं गहाण टाकून तूट भरली. नऊशेहून जास्त जणांवर चोरीचा, अफरातफरीचा गुन्हा सिद्ध झाला. काही तुरुंगात गेले, त्यात एक गरोदर बाईसुद्धा होती. चूक प्रणालीत होती हे न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं, आणि शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. २०२५च्या चौकशी अहवालानं किमान तेरा जणांनी या छळापायी जीव दिला असण्याची शक्यता नोंदवली आहे.

या प्रकरणातला मला सगळ्यात भयंकर वाटणारा तपशील कायद्याचा आहे. तिथल्या पुराव्याच्या नियमात असं गृहीतक होतं, की उलट दिसेपर्यंत संगणक बरोबर चालला असंच मानायचं. आरोपी निर्दोष आहे हे गृहीतक आपण शतकानुशतकं जपलं. त्याच्या शेजारी 'यंत्र निर्दोष आहे' हे दुसरं गृहीतक येऊन बसलं, आणि दोघांची गाठ पडली तेव्हा माणूस हरला. उलट पुरावा आणायचा तर प्रणाली उघडून बघावी लागणार, आणि ती पोस्टाच्या नि ती बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात. गावच्या पोस्टमास्तरानं तो आणायचा कुठून?

लांब कशाला जायचं, आमच्या निम्म्या गल्लीचं माहेर तेलंगणात आहे. तिथे वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून 'अपात्र' लोक शोधणारी प्रणाली वापरली गेली आणि लाखो रेशनकार्डं रद्द झाली. सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची मोटारगाडी गरिबाच्या नावावर लागल्याची प्रकरणं पुढे आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. आता हा आकडा माझ्या मुद्द्याला लावून बघा. १९ लाख नकारांवर एकेक सही करायची असती तर कुठल्या तहसीलदाराचा हात चालला असता? पाचशेव्या कार्डाला त्यानं पेन खाली ठेवून विचारलं असतं, 'हे काय चाललंय?' यंत्राचे नकार इतके असतील की सह्या करायला माणसं पुरणार नाहीत, तर माणसं कमी आहेत असं समजू नये. यंत्र बिघडलंय असं समजावं.

माझ्या वडिलांचे साखर पेठेत चार माग होते. चादरीच्या मागावर वर जेकार्ड असायचं, आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. लहानपणी मी तासन्‌तास मान वर करून ती बघायचो. पुठ्ठ्यावर सुयांची ओळ टेकते. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो; जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खाली राहतो. भोक म्हणजे हो, कोरा पुठ्ठा म्हणजे नाही. हो आणि नाही, हो आणि नाही, आणि चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समध्ये जाकारनं १८०४च्या सुमाराला केलेली ही युक्ती. पुढे इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी हेच पुठ्ठे उचलले. संगणकाचा आजा आमच्या माडीवर खडखडत होता म्हणायला हरकत नाही.

पण मला आठवतो तो खडखडाट थांबण्याचा क्षण. धोट्यातली कांडी संपली किंवा बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप बंद पडायचा. एक छोटा काटा प्रत्येक फेरीला धागा चाचपत असतो. धागा लागला नाही की तो खटका सोडतो. वडील अर्ध्या जेवणावरून उठून यायचे, कांडी बदलायचे, दांडा ओढायचे. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटली तर मात्र आमच्या जुन्या मागाला कळायचं नाही. ते विणकराच्या नजरेवर. नजर चुकली की वीतभर कापडात रेघ पडलेली.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलानं तेही मागाला शिकवलं. त्याचा १९२४चा माग ताण्याची एक तार तुटली तरी जागेवर थांबायचा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले आणि त्या पैशाची मदत टोयोटाच्या मोटारींना झाली. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या कारखान्यांनी उचललेलं तत्त्व. ते त्याला 'जिदोका' म्हणतात. काहीतरी बिनसलं की यंत्रानं स्वतःहून थांबायचं आणि माणसाला हाक मारायची. चूक करत पुढे जायचं नाही. आज अब्जावधी रुपये घालून तयार होणाऱ्या प्रणालींना हे शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड-लोखंडाचं शहाणपण नाही. रेशनच्या मशीनला अक्काचा अंगठा ओळखता आला नाही, म्हणजे त्याची तार तुटली होती. त्यानं थांबून माणसाला हाक मारायला हवी होती. त्यानं अक्कालाच बाजूला काढलं.

इथे एक गोम आहे आणि ती यंत्रमागावर मजुरी केलेला कुणीही लगेच पकडेल. माग थांबला की विणकराची मजुरीही थांबते, कारण पैसे नगावर मिळतात. म्हणजे थांबण्याची किंमत असते, आणि ती कुणाच्या तरी खिशातून जाते. अक्काचे त्या दिवशी दोन-अडीचशे विड्यांचे पैसे गेले, पुढच्या खेपेला पुन्हा गेले. मशीन ज्यांनी बसवलं त्यांचा एक पैसाही गेला नाही. 'निर्णयात माणूस असावा' असं आता सगळेच म्हणतात, मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहीरनाम्यांतही ते असतं. पण नकाराची किंमत यंत्राच्या मालकाला बसत नाही तोवर तो माणूस नुसता शिक्का मारणारा होणार. पडद्यावर आलं, 'ओके' दाबलं, पुढचा. तसल्या सहीचा मला काही उपयोग दिसत नाही. सही करणाऱ्याला निर्णय फिरवण्याचा अधिकार हवा, आणि चुकीचा नकार दिला तर त्याच्या वरिष्ठाला, खात्याला, कंपनीला भुर्दंड हवा.

सहीनं काय होतं, याचा एक अनुभव महाराष्ट्राच्या गाठीला आहे, आणि तो कडू आहे. सोनोग्राफी आली तेव्हा तिनं बाळंतिणींचे जीव वाचवले, आणि त्याच यंत्रानं पोटातल्या मुली दाखवून दिल्या. गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या राज्यानं केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ला ९४६ होत्या, त्या २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४ झाल्या. इथे माझा युक्तिवाद अडचणीत येतो हे मी मान्य करतो. इथे नकार माणसांनीच दिला होता. नवऱ्यानं, सासूनं, कधी स्वतः बाईनं, आणि डॉक्टरनं पैसे घेऊन. यंत्रानं फक्त चित्र दाखवलं.

पण पुढचं पाहा. हा कायदा जिथे कुठे चालला तिथे तो एका कागदाच्या आधारानं चालला. प्रत्येक तपासणीमागे भरायचा 'एफ' नमुना, त्यावर कारण आणि डॉक्टरची सही. डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, की कारकुनी चुकांना गुन्हा समजू नका. २०१९ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. हा कागद म्हणजेच कायद्याचा कणा, असा त्या निकालाचा रोख होता. कागद होता म्हणून कुणाला तरी जाब विचारता आला. उशिरा, अपुरा, पण आला.

आता भ्रूणांची गोष्ट. टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाच्या काही पेशी काढून तपासता येतात. थॅलेसेमियासारखा रक्ताचा गंभीर आजार टाळण्यासाठी अशी तपासणी आपला कायदा चालवून घेतो, आणि मलाही त्यात पाप दिसत नाही. दर काही आठवड्यांनी लेकराला रक्त चढवायला घेऊन जाणाऱ्या आईबापांना नीतीचे धडे द्यायची माझी छाती नाही. पण अमेरिकेत काही कंपन्या याच्या पुढे गेल्या आहेत. शेकडो-हजारो जनुकांच्या बारीक परिणामांची बेरीज करून त्या भ्रूणांना गुण देतात. मधुमेहाची शक्यता इतकी, उंची साधारण अशी, बुद्धीचा अंदाज असा. आईबापांपुढे पाच भ्रूणांची क्रमवारी येते आणि ते पहिला निवडतात. चौघांना नाही कोण म्हणालं? प्रयोगशाळा म्हणेल, आम्ही फक्त आकडे दिले. डॉक्टर म्हणेल, निवड त्यांची. आईबाप म्हणतील, कमी गुणांचा कोण घेईल? सोनोग्राफीच्या खोलीत निदान एक डॉक्टर सापडत होता. इथे नकार क्रमवारीत मुरलेला आहे. त्यातून हे गुण ज्यांच्या जनुकांवरून बसवले ते बहुतांशी युरोपीय वंशाचे लोक. ते गुण आपल्या लेकरांना कितपत लागू पडतात हे विचारणंही दूरच. आपला कायदा सध्या ठरावीक आजारांपलीकडच्या तपासणीला मोकळीक देत नाही. उद्या कुणी तरी 'पालकांचा हक्क' म्हणून दार ढकलणार, तेव्हा १९८८ला आघाडीवर असलेल्या महाराष्ट्रानं उत्तर तयार ठेवलेलं बरं. मुलगी नको म्हणणारं घर 'हुशार हवा' म्हणायला किती वेळ लावेल?

युद्धाबद्दल थोडक्यात, कारण तिथे मला फारसा संशय नाही. लक्ष्य स्वतः निवडून मारणारी शस्त्रं हा नकाराचा शेवटचा प्रकार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याबाबत काळजी व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चारच देश होते आणि त्यांत भारत होता. या विषयाचा विचार दुसऱ्या मंचावर चालू आहे, ही भारताची भूमिका. असेल. पण आपल्याकडे त्यावर एकही चौकसभा झाल्याचं मी ऐकलं नाही.

उलट एका ठिकाणी मी माझा आग्रह सैल करतो. छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय सांगणाऱ्या प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी मान्यता दिली. विडीच्या तंबाखूत आणि सुताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या आमच्या भागात अशी गाडी आली आणि एक्स-रे वाचणारा डॉक्टर शंभर मैलांवर असला, तर प्रत्येक 'ठीक आहे'वर सही मागत बसणं म्हणजे तपासणीच बंद पाडणं. तिथे यंत्राचा 'क्षय नाही' हा निर्णय चालवून घ्यावा लागेल, पण एका अटीवर. बाई खोकत असेल तर यंत्र काहीही म्हणो, समोरच्या परिचारिकेला थुंकी तपासायला पाठवण्याचा अधिकार हवा, आणि तिला त्याबद्दल कुणी 'टार्गेट बिघडवलं' म्हणून झापू नये. म्हणजे सही नाही तरी माणूस आलाच.

अक्काकडे परत येतो. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही. दुसरं ओळखपत्र बघायचं, वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि धान्य द्यायचं, असं केंद्रानं राज्यांना ऑक्टोबर २०१७ मध्येच कळवलेलं आहे. म्हणजे मी इथे मागतोय ते काही स्वप्नातलं नाही. मी दुकानदाराला विचारलं, "ती नोंदवही कुठाय?" तो म्हणाला, "तसलं काय आलंच नाही आमच्याकडे." तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. नियम दिल्लीहून निघाला आणि वाटेत कुठेतरी उतरला असणार.

मी कन्ना चौकातून दोनशे पानी वही आणि शाईचा पॅड घेतला. वहीत पट्टीनं रकाने आखले. तारीख, नाव, कार्ड नंबर, कारण, देणाऱ्याचं नाव, सही. दुकानदार बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मशीनवर लोकांना परत पाठवताना त्याचा हात थरथरला नव्हता, वहीत सही करताना थरथरला. शेवटी त्यानं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मशीन घेत नाही', खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि तांदूळ मापले. अक्काला सही येत नाही. तिनं पॅडवर अंगठा दाबून कागदावर टेकवला. निळा गोल डाग उमटला, आत एकही रेघ नाही.